ऑक्टोबरच्या उन्हातला शरद

'शरद ऋतू' या विषयावर चित्र काढायला सांगितले, तर तुमच्यापैकी बरेच जण लाल-पिवळ्या पानांचे एक झाड काढतील आणि त्याच्या बुंध्याशी गळलेल्या पानांचा सडा घालतील. इंग्रजी वाचनमालेत, भिंतीवरच्या कॅलेंडरांत आणि परदेशी चित्रपटांत आपण हेच चित्र पाहत आलो आहोत. आता आश्विन महिन्यातल्या एखाद्या दुपारी खिडकीबाहेर नजर टाका. वड हिरवागार आहे, आंबा हिरवागार आहे, चिंच आणि कडुनिंबही हिरवेच आहेत. आणि ऊन असे की मैदानावरून वर्गात येईपर्यंत सदरा पाठीला चिकटतो. लोक याला 'ऑक्टोबर हीट' म्हणतात.

मग आपल्याकडे शरद येतच नाही की काय? येतो. आपल्या पंचांगात आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने त्याच्याच नावाचे आहेत. मात्र त्याच्या खुणा वेगळ्या आहेत, कारण तो घडवणारे कारणच वेगळे आहे. युरोपातला शरद मुख्यतः सूर्य घडवतो. आपला शरद पाणी घडवते. हे विधान नुसते मान्य करू नका. एक काठी, दोन तापमापक आणि थोडा कापूस एवढ्या साहित्यावर ते तुम्हाला तपासून पाहता येईल.

सूर्य किती खाली उतरला?

प्रथम सूर्याकडे वळू. माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असतो, त्याला उन्नतांश म्हणतात. तो काढण्याची रीत सोपी आहे. ९० मधून आपल्या गावाचे अक्षांश वजा करायचे आणि त्यात त्या दिवसाची सूर्याची क्रांती मिळवायची. सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला असेल, तर क्रांती ऋण धरायची.

पुण्याचे अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर आहेत. १५ ऑक्टोबरला सूर्याची क्रांती सुमारे उणे ८.४ अंश असते. म्हणजे त्या दिवशी पुण्यात माध्यान्हीचा सूर्य सुमारे ६३ अंशांवर असतो. आता लंडनचे गणित करा. तेथील अक्षांश ५१.५ अंश. १५ ऑक्टोबरला तेथे सूर्य जेमतेम ३० अंशांवर येतो. आणि ऐन उन्हाळ्यात, २१ जूनला, क्रांती अधिक २३.४ अंश असताना? सुमारे ६२ अंश!

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. पुण्याच्या ऑक्टोबरातला माध्यान्हीचा सूर्य लंडनच्या जूनमधल्या सूर्यापेक्षा किंचित वरच असतो. सपाट जमिनीवर पडणारी उष्णता उन्नतांशाच्या साइनच्या प्रमाणात असते. हवेचा परिणाम सोडून दिला, तर डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत पुण्यातील जमिनीला त्या दिवशी माध्यान्ही सुमारे ८९ टक्के उष्णता मिळते. लंडनच्या जमिनीला निम्मीच.

दिवसाच्या लांबीचेही तसेच. लंडनला जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सुमारे साडेसोळा तासांचा, तर डिसेंबरातला लहानात लहान दिवस आठ तासांहूनही थोडा कमी. पुण्यात हेच आकडे सुमारे तेरा तास दहा मिनिटे आणि अकरा तास असे आहेत. म्हणून ऑक्टोबर आला की लंडनकराला दिवस झपाट्याने आखडताना दिसतो. आपल्याला मात्र तो फरक घड्याळ पाहिल्याशिवाय सहसा जाणवत नाही.

हे स्वतः मोजायचे असेल, तर बरोबर एक मीटर लांबीची काठी ओळंबा लावून सपाट जमिनीत उभी करा आणि दुपारी बारा ते पाऊण या वेळेत दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीचे टोक खडूने नोंदवा. सर्वांत आखूड सावली ती माध्यान्हीची. ती घड्याळात बरोबर बाराला पडणार नाही, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवते आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला आहे. पुण्याच्या अक्षांशावर ही सावली २३ सप्टेंबरला सुमारे ३३ सेंटिमीटर, १५ ऑक्टोबरला ५१, १५ नोव्हेंबरला ७५ आणि २२ डिसेंबरला ९० सेंटिमीटर भरेल. नागपूर, नाशिक किंवा पणजीसाठी आकडे वेगळे येतील. ते आधी गणिताने काढा आणि मग सावलीशी ताडून पाहा.

पाऊस गेल्यावर उकाडा का वाढतो?

सूर्य तर जूनपासून दक्षिणेकडेच सरकत असतो. मग ऑगस्टपेक्षा ऑक्टोबर अधिक तापतो, हे कसे? मुंबईत ऑगस्टमध्ये दिवसाचे कमाल तापमान सरासरीने ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ऑक्टोबरमध्ये ते ३३-३४ अंशांवर जाते, म्हणजे जवळजवळ मे महिन्याइतके. पुण्यातही ऑगस्टमधले सुमारे २८ अंश ऑक्टोबरमध्ये ३१-३२ होतात.

याची कारणे तीन. पहिले कारण ढग. पावसाळ्यात ढगांचे छत सूर्यप्रकाशाचा मोठा भाग वरच्या वर परावर्तित करते. हे छत दूर होते तेव्हा सूर्य अजून बऱ्यापैकी उंचीवर असतो, आणि त्याची जवळजवळ सगळी उष्णता थेट जमिनीवर पडते.

दुसरे कारण जमिनीतील पाणी. ओल्या जमिनीवर पडणाऱ्या उष्णतेचा बराच भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. वाफेत साठलेल्या या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात; ती तापमापकावर दिसत नाही. जमिनीचा वरचा थर सुकू लागला की हा खर्च कमी होतो आणि तीच उष्णता जमीन व तिच्यालगतची हवा तापवते.

तिसरे कारण वारा. समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे या सुमारास मंदावतात. कोकणात सकाळी जमिनीकडून पूर्वेचा वारा वाहू लागतो आणि समुद्रावरच्या गार वाऱ्याला आत यायला उशीर होतो. तो जितका उशिरा येईल, तितका पारा वर चढतो.

ही तिन्ही कारणे नीट पाहा. सूर्य या काळात हळूहळू उतरतच आहे. वेगाने बदलले आहे ते आकाशातले, जमिनीतले आणि वाऱ्यातले पाणी.

घाम वाळत का नाही?

मे महिन्यात विदर्भात पारा ४३ अंशांवर जातो, तरी ऑक्टोबरच्या ३३ अंशांत जीव अधिक कासावीस होतो, असे सांगणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांचे म्हणणे उगाच नाही. शरीर थंड ठेवण्याचे आपले मुख्य साधन घाम. त्वचेवरचा एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शरीरातून घेऊन जातो. पण त्यासाठी तो वाळला पाहिजे. टपकून जमिनीवर पडलेला थेंब ही उष्णता घेऊन जात नाही. पावसाळा नुकताच संपलेला असतो, हवेत बाष्प भरपूर असते आणि वारा पडलेला असतो. अशा हवेत घाम येतो, पण वाळत नाही.

याचे मोजमाप करायला दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला मलमलची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दुसरा कोरडाच ठेवा. दोन्ही सावलीत शेजारी टांगा, पुठ्ठ्याने पाच मिनिटे वारा घाला आणि वाचन घ्या. ओला तापमापक नेहमी कमी तापमान दाखवील. समजा, कोरडा ३२ अंश आणि ओला २५ अंश दाखवीत असेल, तर सापेक्ष आर्द्रता सुमारे ५७ टक्के आहे. कोरडा ३२ वरच आणि ओला २० वर असेल, तर आर्द्रता सुमारे ३३ टक्के. पहिल्या दिवशी घाम अंगावर राहील, दुसऱ्या दिवशी तो चटकन वाळेल. कोरड्या तापमापकाने मात्र दोन्ही दिवस सारखेच ठरवले!

हा प्रयोग केवळ गुण मिळवण्यासाठी नाही. ऑक्टोबर हा महाराष्ट्रात कष्टाचा महिना. कोकणात भातकापणी, मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनची काढणी, जोडीला रब्बी ज्वारीची पेरणी. स्वस्थ बसलेला माणूस शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. विळा चालवणारा त्याच्या कितीतरी पट. ती बाहेर पडली नाही, तर शरीराचे तापमान वाढू लागते. चक्कर, मळमळ, स्नायूंत गोळे येणे ही त्याची सुरुवात असते. अशा वेळी माणसाला सावलीत आणून, अंग ओले करून वारा घालावा आणि शुद्धीवर असल्यास पाणी पाजावे. बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा शुद्ध हरपली, तर वेळ न दवडता डॉक्टर गाठावा. शिक्षकांनीही खेळाच्या सरावाची वेळ ठरवताना केवळ पारा पाहू नये, ओला तापमापकही पाहावा.

रात्रीचे दव

दुपार सोसली की रात्रीकडे वळा. पुण्यात ऑगस्टमध्ये दिवसाचे कमाल आणि रात्रीचे किमान तापमान यांत जेमतेम सहा-सात अंशांचा फरक असतो. ऑक्टोबरमध्ये तो बारा-तेरा अंशांवर जातो. दुपार तापवणारे निरभ्र आकाशच रात्र थंड करते. तापलेली जमीन रात्री अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते. ढग असले, तर ते या उष्णतेचा बराच भाग परत पाठवतात. ढग नसले, तर ती अवकाशात निघून जाते.

पहाटे गवतावर दिसणारे दव याच घटनेचे अपत्य. दव आकाशातून पडते, असा समज फार काळ होता. विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने १८१४ मध्ये दवावर एक निबंध प्रसिद्ध केला. लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके रात्री वेगवेगळ्या जागी ठेवून आणि सकाळी तोलून त्याने दाखवून दिले, की वस्तू आधी उष्णता गमावून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते आणि मग तिच्यावर दव साचते. ज्या पुंजक्याला आकाश उघडे होते त्यावर अधिक दव, आणि फळीखाली ठेवलेल्यावर कमी.

हा प्रयोग तुम्हीही करा. सारख्या वजनाचे कापसाचे दोन बोळे घ्या. एक मोकळ्या मैदानात आणि दुसरा जवळच स्टुलाखाली रात्रभर ठेवा. सूर्य उगवण्यापूर्वी दोन्ही तोला. गवताच्या टोकावरचा एकुलता एक मोठा थेंब मात्र दव समजू नका. तो बहुधा झाडाने स्वतः बाहेर टाकलेला असतो. त्याला बिंदुस्राव म्हणतात. खरे दव पात्याच्या सगळ्या पृष्ठभागावर बारीक पसरलेले असते.

पाने केव्हा लाल होतात?

आता चित्रातल्या लाल झाडाकडे येऊ. थंड देशांत दिवस आखडू लागले आणि गारवा वाढला, की झाडे पानातील हरितद्रव्य मोडून त्यातील उपयोगी घटक आत ओढून घेतात. हिरवा रंग गेला की मुळातच पानात असलेली पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये उघडी पडतात. काही झाडे याच वेळी अँथोसायनिन नावाचे लाल द्रव्य नव्याने तयार करतात. देठाशी एक नाजूक थर तयार होतो आणि पान गळते.

आपल्या झाडांना हे रसायनशास्त्र येत नाही असे मुळीच नाही. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या रस्त्याकडेचा देशी बदाम पाहा. गळण्यापूर्वी त्याची पाने लालभडक होतात. पण ती शोभा बहुतेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास दिसते, ऑक्टोबरमध्ये नव्हे. साग, पळस, पांगारा आणि काटेसावर यांची निष्पर्ण रूपेही हिवाळा सरता सरता दिसू लागतात. आश्विनात जमिनीत ओल असते, ऊन भरपूर असते. अशा वेळी पाने टाकणे म्हणजे सुगीच्या दिवसांत दुकान बंद करण्यासारखे होईल. पुढे जमीन कोरडी पडते. पानांवाटे उडून जाणारे पाणी मुळांना पुरवता येत नाही, आणि मग झाड पाने टाकते.

आपल्या पूर्वजांनी हे नेमके पाहिले होते. म्हणूनच परंपरेत पानगळ शिशिराच्या, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या वाट्याला आली आहे. इंग्रजी 'ऑटम' या शब्दाचे 'शरद' असे भाषांतर करताना आपण त्याच्यासोबत तिकडची पानगळही उचलून आणली आणि घोटाळा झाला.

आणखी एक गंमत पाहा. आपल्या रानात लाल रंग मोठ्या प्रमाणात दिसतो तो पालवीत. आंबा, पिंपळ आणि विशेषतः कुसुंब यांची कोवळी पाने तांबूस किंवा लालबुंद असतात आणि जून होताना हिरवी होतात. कोवळ्या पानांतही तेच अँथोसायनिन असते. तिकडे लाल पान झाडाचा निरोप घेते, इकडे ते पुष्कळदा नुकतेच जन्मलेले असते!

निळे आकाश, निवळ पाणी

मग आपल्या शरदाची शोभा कशात आहे? प्रथम आकाशात. हवेचे रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश अधिक विखुरतात. हे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होते, असे लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये दाखवले. त्यामुळे निळा प्रकाश तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक विखुरला जातो. धुळीचे मोठे कण मात्र सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात आणि आकाश पांढुरके करतात. पावसाने ही धूळ धुऊन काढलेली असते, म्हणून ढग सरताच दिसणारे निळेपण मे महिन्यात दिसत नाही.

मग पाण्यात. पुराचा जोर ओसरला की प्रवाह मंदावतो आणि गाळ तळाशी बसतो. अगस्तीचा तारा उगवला की पाणी निवळते, असे जुने लोक म्हणत. तारा पाणी निवळवत नाही हे खरे. पण ऋतूचे घड्याळ म्हणून तो उत्तम आहे. ऑक्टोबरच्या मध्यास पहाटे सव्वापाच-साडेपाचला दक्षिण दिशेला पाहा. क्षितिजापासून साधारण १९ अंशांवर तो तेजस्वी तारा दिसेल. त्याच दिवसांत संध्याकाळी कुठे सातवीण फुलली असेल, तर तिचा उग्र गंधही शरदाची वर्दी देईल.

शरदाची तारीख सरकते आहे काय?

परतीच्या पावसाची सुरुवात वायव्य भारतातून जाहीर करताना हवामान खाते तीन गोष्टी पाहते: सलग पाच दिवस पाऊस थांबला आहे का, सुमारे दीड किलोमीटर उंचीवर प्रत्यावर्ती वारे स्थिरावले आहेत का, आणि हवेतील बाष्प बरेच कमी झाले आहे का. यात सूर्याच्या उंचीचा किंवा पानांचा उल्लेखही नाही. आपला शरद पाणी घडवते, याचा हा आणखी एक पुरावा.

या परतीच्या सरासरी तारखा खात्याने २०२० मध्ये नव्याने ठरवल्या. वायव्य राजस्थानातील सुरुवात पूर्वी १ सप्टेंबर धरली जाई, ती १७ सप्टेंबर झाली. मुंबईची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. म्हणजे आजोबांच्या अनुभवातला शरद आणि तुमचा शरद एकाच तारखेला सुरू होईलच असे नाही. काढणीला आलेल्या सोयाबीनवर पाऊस पडणार की नाही, हे अशा आठ-दहा दिवसांवर ठरते.

नक्षत्रांचा हिशेबही हळूहळू सरकतो. सूर्य हस्त नक्षत्रात सध्या २७ सप्टेंबरच्या सुमारास जातो; मुली पाटावर हत्ती काढून हादगा खेळतात तो याच वेळी. पृथ्वीच्या अक्षाच्या मंद डोलण्यामुळे ही तारीख दर ७१-७२ वर्षांनी एक दिवस पुढे जाते. शिवकालापासून आजवर ती सुमारे पाच दिवस सरकली आहे. पावसाची बदलती वागणूक आणि ताऱ्यांचे हे सरकणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करू नये.

तेव्हा वर्गात एक नोंदवही सुरू करा. १५ सप्टेंबर ते १५ डिसेंबर या काळात आठवड्यातून एकदा काठीची आखूड सावली, आणि रोज दुपारी दोनला कोरड्या व ओल्या तापमापकांचे आकडे लिहा. दव पहिल्यांदा कोणत्या दिवशी पडले, शेवटचा पाऊस केव्हा झाला, सातवीण केव्हा फुलली, हेही टिपा. शाळेच्या आवारातले एक झाड निवडून त्याची पानगळ मार्चपर्यंत पाहत राहा. एका वर्षाच्या नोंदींवरून निष्कर्ष काढण्याची घाई नको. वही पुढच्या वर्षी खालच्या वर्गाच्या हाती द्या. दहा वर्षे ती अशी चालली, तर तुमच्या गावचा शरद केव्हा येतो या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शाळेकडे असेल, आणि ते दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.